टोयोटा जीटी८६ खरंच किती पळते? काही महिने मोजून झाल्यावरचा अनुभव

आधी आकडा सांगतो, मग बाकीचं. माझी २०१४ ची जीटी८६, टोयोटाची छोटी स्पोर्ट्स कार, मॅन्युअल, इंजिनला हात लावलेला नाही, टायर कंपनीच्याच मापाचे २१५/४५ आर१७. जाताना-येताना दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी आली ताशी २२२ किमी. तेव्हा मीटरवर दिसत होते २३४. आणि गाडीच्या जर्मन रजिस्ट्रेशनच्या कागदावर 'टी' नावाचा एक रकाना असतो, तिथे टॉप स्पीड छापलेला असतो, माझ्या कागदावर २२६ आहे. एकच गाडी आणि तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, ते कसं हे सांगायला एवढं लांबलचक लिहितोय.

मी ड्युसेलडॉर्फला असतो. गाडी घेतल्यापासून पुण्यातल्या ग्रुपवर एकच प्रश्न, किती पळते रे? आणि कुणी ना कुणी आपल्या गाडीच्या मीटरचा फोटो टाकतोच. मनापासून सांगतो, मीटरचा फोटो हा टॉप स्पीडचा पुरावा होत नाही. युरोपात मीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम लागू आहे, त्यानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक वर ४ किमी इथपर्यंत. म्हणजे माझी गाडी २२२ ने पळत असताना मीटरने २४८ दाखवले असते तरी ते नियमात बसलं असतं! कुठलीच कंपनी कमी दाखवायचा धोका पत्करत नाही, म्हणून सगळ्यांची मीटरं थोडी पुढेच असतात.

मग मी जीपीएसचा छोटा डबा घेतला, २५ हर्ट्झचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा, दोनशे युरोच्या आत मिळाला. त्याआधी नुसतं फोनचं अ‍ॅप वापरत होतो. फोन साधारण सेकंदाला एकदा वेग देतो आणि २२० ला गाडी एका सेकंदात ६१ मीटर पुढे गेलेली असते, डबा तेवढ्याच वेळात २५ वेळा मोजतो, म्हणजे दर अडीच मीटरला एक नोंद. पुलाखालून जाताना फोनने एकदा मधेच २२९ चा खांब उभा केला होता, डब्याच्या ग्राफवर त्याच जागी सरळ रेघ. असा एकटा उंच खांब दिसला की तो सोडून द्यायचा आणि किमान दहा-पंधरा सेकंद टिकलेला आकडा धरायचा. डब्याबद्दल तक्रार एकच, सोबत आलेली चिकटपट्टी उन्हात सुटते, मी दुसरी लावली. बॅटरी आणि अ‍ॅपबद्दल काही बोलायची वेळच आली नाही.

पण नुसत्या डब्यावरही मी विसंबलो नाही. मॅन्युअल गाडीचा फायदा हा की आरपीएमवरून वेग हिशोबाने काढता येतो. सहाव्या गियरचा रेशो ०.७६७, फायनल ड्राइव्हचा, म्हणजे चाकांआधीचा शेवटचा रेशो ४.१, राहिला चाकाचा घेर. तो मी पार्किंगमध्ये मोजला, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, मित्राला ड्रायव्हर सीटवर बसवलं म्हणजे टायर नेहमीसारखा दबेल, आणि चाक पूर्ण एक फेरा होईपर्यंत गाडी ढकलली. दोन खुणांमधलं अंतर भरलं १.९२ मीटर. आता करा हिशोब, आरपीएमला दोन्ही रेशोंनी भागायचं आणि घेराने गुणायचं, ६००० आरपीएमला जवळजवळ बरोबर २२० किमी येतात. डब्याने २२२ दाखवले तेव्हा लॉगमध्ये आरपीएम ६०५० च्या आसपास होते. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं तेव्हा जो आनंद झाला तो मीटरवर २३४ बघून झाला नव्हता. आणि हो, टायर झिजला की घेर कमी होतो, एक मिलिमीटर झिजेला साधारण पाव ते अर्धा टक्का, म्हणजे जुन्या टायरवर मीटर अजून जास्त फुगतं.

आता गाडी तिथवर पोचते कशी, कारण खरी मजा इथे आहे. पाचवा गियर रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत ताणला तर २०८ च्या आसपास संपतो. सहावा टाकला की आरपीएम ५७०० च्या खाली येतात, आणि या इंजिनची २०० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) पॉवर मिळते ७००० ला, त्यामुळे सहाव्यात पूर्ण ताकद कधी मिळतच नाही. वर हवेचा विरोध असा वाढतो की लागणारी पॉवर वेगाच्या घनाने जाते, वेग दुप्पट तर पॉवर आठपट. शेवटी हातात पॉवर उरतच नाही. २१० पर्यंत ग्राफ चढताना दिसतो, मग २१५, २१८, आणि पुढचा एकेक किलोमीटर मिळवायला रस्ता अक्षरशः संपत जातो, एका मिनिटात पावणेचार किलोमीटर मागे पडलेले असतात. म्हणून रस्ता लांब, सपाट आणि मोकळा लागतो, तिन्ही एकदम. सपाट किती? नुसता एक टक्का चढ या वेगाला साधारण ११ पीएस खातो, आणि २२२ वरून २२६ वर जायलाही जवळपास तेवढीच पॉवर लागते. म्हणजे माझ्यात आणि कंपनीत जो फरक आहे तो डोळ्याला न दिसणाऱ्या एका चढाएवढा आहे, कंपनीच्या आकड्यावर माझा आता पूर्ण विश्वास आहे.

मी मोजायला जातो ए३१ या ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवर, एम्सलांडकडचा उत्तरेचा पट्टा, मेपेनच्या आसपास. जमीन पोळपाटासारखी सपाट, बऱ्याच भागात लिमिट नाही, आणि रविवारी रात्री दहापर्यंत ट्रकना बंदी असते म्हणून सकाळी लवकर रस्ता मोकळा मिळतो. तिथे वारा मात्र कायम. बाजूला पवनचक्क्या आहेत, त्यांची तोंडं वाऱ्याकडे वळलेली असतात, त्या बघूनच मी ठरवतो आज मोजायचं का नाही. वारा रस्त्याच्या दिशेने असेल तर दोन्हीकडून मोजून सरासरी काढता येते, माझे उत्तरेकडे जाताना २१८ आले आणि परतताना २२६. आडवा वारा असेल तर सरासरीने काहीच सुधारत नाही, दोन्ही वेळा नुकसानच, आणि सव्वाबाराशे किलोची गाडी लेनमध्ये हलते ते वेगळंच. अशा दिवशी मी सरळ कॉफी पिऊन परत फिरतो.

दोन्ही बाजूंनी मोजण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एसएससी या अमेरिकन कंपनीच्या टुआटारा गाडीने नेवाडाच्या रस्त्यावर सरासरी ५०८ किमीचा दावा केला, लोकांनी व्हिडिओतल्या खुणांमधलं अंतर, वेळ आणि गियर रेशो घेऊन हिशोब केला तर ते जुळेना. कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात परत मोजलं, दोन्ही दिशांची सरासरी आली ४५५. तरीही प्रचंड वेग आहे हा! पण दोन आकड्यांत पन्नासच्या वर फरक पडला. बुगाटी शिरॉनचे २०१९ चे ४९० खरे आहेत पण एकाच दिशेचे, कोनिगसेग अगेरा आरएसचे २०१७ चे ४४७ दोन्ही दिशांचे. मला विचाराल तर कोनिगसेगचा आकडा मला जास्त भावतो.

गाडीवर या सगळ्याचा परिणाम काय? सलग फुल थ्रॉटलला पेट्रोल १०० किमीला वीस लिटरच्या वर जातं, तेही ९८ ऑक्टेन, आणि टाकी ५० लिटरची, तेव्हा पंपाचं गणित आधी करायचं. माझ्या मॉडेलमध्ये ऑइल टेम्परेचरचं मीटर नाही म्हणून ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटवरून बघतो, ऑइल नीट गरम झाल्याशिवाय पाय दाबत नाही आणि नंतर पंधरा-वीस किलोमीटर आरामात चालवून गाडी थंड करतो. आवाज खूप होतो, १८० नंतर बोलणं जमत नाही. पण स्टीअरिंग इतकं स्वच्छ की प्रत्येक सांधा हाताला कळतो, २०० च्या पुढेही गाडीने एकदा सुद्धा घाबरवलं नाही. थंडीचे टायर मी एच रेटिंगचे घेतले, ते २१० पर्यंतचेच, इथल्या नियमाने तसा स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावा लागतो, त्यामुळे हिवाळ्यात मोजणी बंद.

आता कळकळीने एक. लिमिट नाही म्हणजे काहीही चालतं असं नाही. शिफारस १३० ची आहे, त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी जबाबदारीचा काही भाग तुमच्यावर येऊ शकतो, १९९२ पासून कोर्टाने हे धरलेलं आहे. आणि २०१७ पासून एकट्याने सुद्धा परिस्थिती न बघता बेदरकारपणे जास्तीत जास्त वेग काढायला जाणं हा गुन्हा आहे. २२० वरून थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, अडीचशे मीटर लागतात. पुढे उजव्या लेनमध्ये (इथली हळू गाड्यांची लेन) एक जरी गाडी दिसली तरी मी पाय काढतो, कारण १२० ने चाललेल्या माणसाला आरशात माझा अंदाज येत नाही. ती मोजणी वाया जाते, जाऊ दे.

तिकडे समृद्धीवर हे करायचा विचार सुद्धा करू नका, तिथे लिमिट १२० आहे आणि माणसं, जनावरं कुठूनही येतात. भारतात हे काम करायची जागा म्हणजे इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक. आणि जीटी८६ सेकंडहँड बघत असाल तर गिअरबॉक्स नक्की बघा, ऑटोमॅटिकचा टॉप स्पीड २१० च आहे, 'टी' रकान्यात तोच आकडा मिळेल.