आसोदा रस्त्यावरचं भरीत सेंटर : पाहुणे आले की इथे न्या

थंडीत जळगावला पाहुणा आला की त्याला भरीत खाऊ घालायचंच, त्यात विचारायचं काय? वाद असतो तो घरी करायचं की बाहेर, एवढाच. नाताळाच्या सुट्टीत ठाण्याहून नणंद, नंदोई, त्यांची सून आणि नातू असा सगळा लवाजमा आला आणि मी सासूबाईंचा विरोध पत्करून बाहेरचं ठरवलं. "घरच्या लेकीला विकतचं भरीत?" हे त्यांचं पालुपद दिवसभर चालू होतं. पण गॅसवर एकेक वांगं फिरवत बसायचं, शेगडीत पाणी गळणार, ओटाभर काळी सालं, आणि एवढं करून चव गॅसचीच. ताईंचं माहेर हे. लहानपणापासून काड्यांवर भाजलेलं खाल्लंय त्यांनी. त्यांच्यापुढे ते ठेवायची मला लाज वाटली असती.

आसोद्याच्या रस्त्याला शहर मागे पडून शेतं सुरू झाली की एक पत्र्याची शेड लागते. पाटीवर नुसतं 'भरीत सेंटर', मालकाचं नाव नाही, फोन नंबर पुसट झालेला. ओळखायची खूण म्हणजे मागच्या बाजूला रचलेली कापसाच्या काड्यांची गंजी. ती दिसली की गाडी थांबवा.

आम्ही आधीच फोन करून किती माणसं ते सांगितलं होतं, तरी वांगी आम्ही पोचल्यावरच आगीवर गेली. ही गोष्ट मला फार आवडली. दुपारी भाजून ठेवलेलं रात्रीपर्यंत खपवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. इथे जमिनीवर काड्या पेटवतात, वांग्यांना तेलाचा हात लावून, टोचे मारून ती ओळीने आत सोडतात आणि वरून आणखी काड्या टाकतात. जाळ क्षणात भडकतो आणि तसाच बसतो. मग एक बाई लांब चिमट्याने वांगी उलटीपालटी करत राहतात. देठाजवळ दाबून पाहतात, तिथे मऊ लागलं तरच बाहेर. बाकी वांगं कितीही काळं होवो, देठ कडक असेल तर पुन्हा आत.

नंदोई मूळचे रत्नागिरीचे. त्यांना त्या वांग्यांचंच नवल. फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, एकेक हातात मावेना. "पिकली नाहीत का अजून?" असं त्यांनी विचारल्यावर मालक हसले. "बाबा, हे असंच असते. यात बी नसल्यागत, नुसता गर." बामणोदच्या बाजूचा माल होता. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या केळीला मिळालं त्याच वर्षी. हे मी सांगितलं, पण तोवर नंदोयांचं लक्ष बडगीकडे गेलं होतं.

बडगी म्हणजे लाकडाची खोलगट काथवट. सोललेली गरम वांगी तीत टाकून लाकडानेच ठेचतात. मिक्सरचं नाव काढू नका. ठेचलेल्यात धागे राहतात, मिक्सरमध्ये त्याची लापशी होते. नातवाला एक वांगं सोलायला दिलं. बोटं भाजली तरी गडी सोडेना, शेवटी अर्धी सालं तशीच राहिली आणि ते वांगं वेगळं काढून त्यालाच वाढलं.

फोडणीत लाल तिखट अजिबात नाही. हिरवी मिरची आणि लसूण जाडसर कुटून तेलात, मग शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वर भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. तेल सढळ आहे, खरं सांगायचं तर जरा जास्तच सढळ. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, कांदा, मुळा, मिरचीचा ठेचा. आम्ही दोन्ही घेतलं. पुरी मुलांसाठी ठीक, पण ज्वारी-उडदाची ती कळण्याची भाकरी, तव्यावरून थेट ताटात, तिच्यासमोर पुरी फिकी. ताईंनी पहिला घास घेतला आणि "माय वं!" एवढंच म्हणाल्या. ठाण्यात इतकी वर्षं काढली तरी तोंडातून तेच निघालं. सुनेला तिखट लागेल म्हणून मी फोडणी न घातलेलं कच्चं भरीत थोडं बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तिने फोडणीचंच संपवलं आणि कच्च्याला नंतर हात घातला.

बसायची सोय म्हणाल तर झाडाखाली बाजा आणि शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डिसेंबरातलं दुपारचं ऊन अंगावर घेत बाजेवर बसून जेवण्यात मजा आहे, पण सासूबाईंना गुडघ्यांमुळे बाजेवरून उठवेना, दोघांनी हात द्यावा लागला. म्हातारं माणूस असेल तर आधीच खुर्ची धरून ठेवा. हात धुवायला एकच नळ आणि त्याखाली चिखल. स्वच्छतागृह नावालाच. धुराचा त्रास असलेल्यांनी वारा कुठून येतोय ते बघून जागा निवडावी. रविवारी रांग लागते, तेव्हा मालकाचं "बसा ना भो, होतेच आहे" यावर फार विसंबू नये. वांग्याचा भाव वरखाली होतो तसा भरताचाही होतो, म्हणून इथे आकडा देत नाही. आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

आमचा बेत असा होता : सकाळी जैन हिल्सवर गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, तिथून भरीत. गांधीतीर्थाचं उद्घाटन २०१२ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते झालं, आणि त्याही इथल्याच, म्हणून सासूबाईंना ते घरचं कार्य वाटतं. कानाला यंत्र लावून मराठीत ऐकत दालनं बघता येतात. घाई केली तर पैसे वाया, सकाळ मोकळी ठेवा. भूक सपाटून लागते, हा वरचा फायदा. जेवून परतताना आसोद्यात गाडी जरा हळू घेतली. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर, सुनेला शाळेतल्या कविता पाठ होत्या.

अजिंठा दुसऱ्या दिवशी ठेवला. सोमवारी लेणी बंद असतात. हे न बघता निघून फर्दापूरहून परत आलेले पाहुणे आमच्या गल्लीत दरवर्षी असतात. लेण्यांखालून वाहणारी ती वाघूर, तिच्याच धरणाचं पाणी जळगावच्या नळाला येतं. हे ऐकल्यावर नंदोयांनी घरच्या पाण्याच्या ग्लासाकडे जरा आदराने पाहिलं.

मे महिन्यात मात्र कोणाला बोलावू नका. पारा पंचेचाळीसला भिडलेला असताना पाहुणचार म्हणजे कूलरसमोर जागेसाठी भांडणं, आणि तेव्हा या शेडमध्ये आगीजवळ बसायची कोणाची छाती होणार? शिवाय खरं वांगं थंडीतलंच. आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पुढचे दोन-अडीच महिने खरे.

पार्सल देतात, पण गरम भरीत पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात, ते मला पटलं नाही. घरून स्टीलचा डबा न्या, हसून भरून देतात. ठाण्याला न्यायचं असेल तर फोडणी न घातलेलं घ्या आणि मिरची-लसणाचा कुटलेला गोळा वेगळा मागा. ताईंनी तसंच नेलं. रात्रीच्या गाडीत डबा उघडू नका असं बजावलं होतं, पाचोरा यायच्या आत उघडला.