स्कायलॅब: एकाच स्थानकात दोन प्रकारची घरं

1973 साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकात आतल्या रचनेचे दोन विचार शेजारी-शेजारी नांदले.

अंतराळयानं येऊन जोडायच्या नळकांड्यासारख्या भागात वर-खाली असं काही ठेवलंच नव्हतं. उपकरणं चहूबाजूंनी, मिळेल तिथे. वजनच नाही, तर जमीन हवी कशाला? कागदावर बिनतोड! प्रत्यक्षात अंतराळवीर आत शिरले की आधी गोंधळायचे. प्रत्येक यंत्रापाशी अंग नव्याने वळवून घ्यायचं.

राहण्याच्या मोठ्या भागात मात्र घरासारखी जमीन आणि छत. जमीन त्रिकोणी जाळीची, बुटांच्या तळाला त्रिकोणी खुंटी. ती अडकवली की माणूस स्थिर. जेवणाच्या जागेला खिडकी हवीच, हा रेमंड लोवी या डिझायनरचा आग्रह. फावल्या वेळात सगळे तिथेच.

माझं मत दुसऱ्या बाजूने, पण पूर्ण नाही. तिथेही पृथ्वीवरची सवय नडलीच. वजनरहित अवस्थेत शरीर आपोआप किंचित वाकतं, हात पुढे तरंगतात. खुर्चीत बसल्यासारखं राहायचं तर पोटाचे स्नायू सतत ताणावे लागतात. जमीन ठेवावी, खुर्ची नको.