खुर्चीत न बसणारा थ्रॉन

थ्रॉन या 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायक सेनापतीची सहा इंची खेळण्यातली मूर्ती हातात आल्यावर पहिली परीक्षा घेतली ती खुर्चीची. नापास. अंगरख्याचा घेर कडक प्लास्टिकचा. मांडी जेमतेम अर्धी उचलली जाते आणि गडी पुढे कलंडतो. 'स्टार वॉर्स'मधला दुसरा कुठलाही सेनापती असता तर चाललं असतं. पण १९९१ ते १९९३ मध्ये आलेल्या कादंबऱ्यांतला हा ग्रँड अ‍ॅडमिरल लढाया जिंकतो त्या 'कायमेरा' जहाजावरच्या खुर्चीत बसून, आणि बिलब्रिंगीच्या लढाईत मरतोही त्याच खुर्चीत.

रंगकाम झकास. निळी कातडी, आणि डोळ्यांतला लाल रंग कुठे सांडलेला नाही. चेहरा पडद्यावर थ्रॉन करणाऱ्या लार्स मिकेल्सनचा, अ‍ॅनिमेशनमध्ये आवाजही त्याचाच होता. माणसांनाच वर चढवणाऱ्या साम्राज्यात एका चिसने, म्हणजे निळ्या कातडीच्या परग्रहवासीयाने, मिळवलेली ती पांढरी वर्दी मात्र माझ्या नगावर कोपराशी मळकट निघाली.

हातात पिस्तूल दिलंय. कशाला? शत्रूची चित्रं-शिल्पं न्याहाळून त्याची पुढची चाल ओळखणारा हा माणूस. एखादं चिमुकलं शिल्प द्यायचं होतं. पिस्तूल मी खोक्यातच ठेवलं.

खोक्यामागचं चरित्र त्याला 'निर्दयी' म्हणून मोकळं होतं. मी शिफ्ट इनचार्ज आहे, म्हणून मला हे खटकतं. ट्रॅक्टर बीमवरच्या, म्हणजे जहाजं ओढून धरणाऱ्या किरणावरच्या, एका पोराच्या हातून साम्राज्याविरुद्ध लढणारा नायक ल्यूक स्कायवॉकर निसटतो, पोरगा खापर दुसऱ्यावर फोडायला बघतो, थ्रॉन त्याला तिथेच मारायला लावतो. निर्दयी, कबूल. पण पुढे तसाच प्रकार पुन्हा होतो. हा दुसरा पोरगा डोकं चालवून काही नवं करून बघतो आणि फसतो. त्याला बढती मिळते, वर त्याच युक्तीवर उतारा शोधायचं काम. कामावर चूक झाली की मला हे दोघे आठवतात.

आणि एवढं माणूस ओळखणाऱ्याला पाठीमागे उभा असलेला अंगरक्षक रुख कळला नाही! रुख नोघ्री जमातीचा. नोघ्रींची जमीन सुधारतोय असं सांगत साम्राज्य तिच्यात विष टिकवून ठेवत होतं. ते उघडं पडलं आणि रुखने सुरा चालवला.

पाचात साडेतीन. खुर्चीत बसवायचा असेल तर घेऊ नका. माझा सध्या स्टेपलरला टेकून उभा आहे. रुख कुणी विकत असेल तर सांगा. ठेवेन मात्र दुसऱ्या कपाटात.