बेळगावात कुत्र्याला कुठं दाखवायचं: इंजेक्शनवाल्याकडे की झाडपाल्यावाल्याकडे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुत्र्यांवरच्या कुठल्याही उपचाराची परीक्षा घ्यायला एकच आजार पुरतो: गोचिडीचा ताप. कुत्रं दोन दिवस ताटाला तोंड लावत नाही, हिरड्या फिकट पडतात, पोटाच्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, कधी नाकातून रक्त येतं. यावर इथं एकीकडे अ‍ॅलोपॅथीचा दवाखाना आहे आणि दुसरीकडे ‘नैसर्गिक’ची फळी: आयुर्वेदिक बाटल्या, होमिओपॅथीचे थेंब, शेजाऱ्यांनी सांगितलेला पपईचा पाला. या तापावर दोन्हीकडचा ढिसाळपणा उघडा पडतो.

आधी पपई. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीतून रक्तात शिरतो, पांढऱ्या पेशींत राहतो आणि त्याच्यापायी प्लेटलेट झपाट्यानं नष्ट होतात. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात, या आजारात त्या हजारांत येतात. पाल्याच्या रसानं जंतू मरत नाही. डॉक्सीसायक्लिन हे जंतू मारणारं अँटिबायोटिक चालू असताना रसही पाजला जातो, औषधानं एक-दोन दिवसांत ताप उतरतो, पाठोपाठ प्लेटलेट वर येतात आणि नाव पपईचं होतं. नुसत्या रसावर कुत्रं सावरल्यासारखं दिसलं तरी आजार आत दबा धरून राहू शकतो आणि महिन्यांनी हाडातल्या मगजावर उठतो. तिथून परत आणणं फार कठीण.

आता दवाखाना. इथली वाईट सवय म्हणजे ‘तीन इंजेक्शनं’: एक अँटिबायोटिक, एक तापाचं, एक स्टेरॉइड. स्टेरॉइडनं कुत्रं दोन तासांत उठून शेपूट हलवतं, संध्याकाळी जेवतं, मालक खूश. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तेच. स्टेरॉइडला या आजारात जागा आहे, शरीर स्वतःच प्लेटलेट मारायला लागलं असेल तेव्हा. पण ते रक्त बघून ठरतं, टेबलावर चढवल्या चढवल्या नाही.

चांगली तपासणी कशी ओळखायची? पहिलं काम वजन. दुसरं गुदद्वारात थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०२ वर क्रोसिन शोधायला धावू नये. (पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, घरातली एकही माणसांची गोळी कुत्र्याला नको. यकृत, जठर, मूत्रपिंड, काहीतरी जातंच.) तिसरं रक्त: जांभळ्या झाकणाच्या नळीत सीबीसीसाठी, म्हणजे पेशींच्या मोजणीसाठी, आणि कानाच्या कडेला सुई टोचून आलेला थेंब काचपट्टीवर पसरून. हा कानाचा थेंब घेणारा डॉक्टर सापडला तर त्याला सोडू नका. माणसांच्या लॅबचं मशीन माणसांच्या पेशींवर बसवलेलं असतं, शिवाय प्लेटलेटचे गोळे झाले की आकडा खोटाच कमी येतो. काचपट्टी डोळ्यांनी पाहिली की ते कळतं. पट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून आजार नाही असंही नाही. अशा वेळी रक्ताची किटवरची झटपट चाचणी किंवा पीसीआर.

डॉक्सीसायक्लिनचा हिशेब सोपा आहे: किलोला १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. २० किलोच्या कुत्र्याला १०० ची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. पोटात अन्न असताना द्यायची आणि मागून पाणी पाजायचं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते. उपाशीपोटी दिली तर उलटी, दुधातून दिली तर औषध अंगात कमी शोषलं जातं. सगळ्यात जास्त फसतं ते आठव्या-दहाव्या दिवशी. कुत्रं अंगणात उड्या मारायला लागतं आणि उरलेल्या स्ट्रिपा फ्रिजवर पडून राहतात.

लघवी कॉफीसारखी काळपट असेल तर बबेसियाची शंका यायला पाहिजे (हा तांबड्या पेशींत शिरणारा, गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू), आणि तिथं एकट्या डॉक्सीचा उपयोग नाही. मोठ्या आकाराच्या बबेसिया जंतूला इमिडोकार्ब, १४ दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं, आधी अ‍ॅट्रोपिन, नाहीतर लाळ आणि उलट्या. बबेसिया गिब्सोनी या छोट्या जंतूला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन १० दिवस. त्यातलं अ‍ॅटोव्हाक्वोन तुपातल्या भातासारख्या स्निग्ध घासाबरोबरच नीट शोषलं जातं. कोणता जंतू ते न पाहता दिलेला उपचार इथं अंधारात मारलेला दगड.

गोचिडींच्या बाबतीत कडुनिंबाचं तेल काही तासांपुरतं त्यांना दूर ठेवतं, मारत नाही. जाड थर दिला तर कातडी लाल होते आणि कुत्रं ते चाटतं. लसूण खायला घालणं तर घातकच: कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. फ्लुरालॅनर, अ‍ॅफॉक्सोलॅनर गटातली चघळायची गोळी हे काम चोख करते, फक्त फिट येणाऱ्या कुत्र्याला देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि गोचिडींचा मोठा वाटा कुत्र्यावर नसतोच. जुन्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, पोत्यांच्या थप्पीत, गोठ्याच्या चौकटीत असतो. भेगा बुजवल्या नाहीत तर गोळीचा खर्च दर पावसाळ्यात नव्यानं.

लुतीवर जळकं इंजिन ऑइल आणि गंधक चोपडायची पद्धत खेड्यात अजून आहे. ती बंद व्हायलाच हवी. त्या तेलातली विषं कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात. वर गोचिडींसाठी सांगितलेल्या चघळायच्या गोळ्यांनीच लूत जाते.

मग झाडपाल्याला काही जागा आहे का? आहे, जिथं शरीराजवळ वेळ आहे तिथं. किरकोळ ओरखड्याला मिठाच्या पाण्यानं धुऊन टॉपिक्युअरसारखा हर्बल स्प्रे चांगला चालतो, पावसात माशाही दूर राहतात. आळ्या पडल्या असतील तर मात्र तो वरवरचा लेप. त्या चिमट्यानं एकेक काढाव्या लागतात, रॉकेल-फिनेल ओतून नाही. कोरड्या कातडीला खोबरेल, बद्धकोष्ठाला उकडलेला लाल भोपळा, ठीक. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना फिजिओथेरपी, ओमेगा-३, आणि सगळ्यात आधी वजन कमी करणं, यात ‘नैसर्गिक’ बाजू उजवी ठरते. यकृताची टॉनिकं सोबतीला चालतील, उपचार म्हणून नकोत.

दोन ठिकाणी घासाघीस नाही. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण म्हणजे पार्व्हो हा आतड्यांचा विषाणू समजून त्याच दिवशी सलाइन. दही-भात आणि डाळिंबाच्या सालीत गेलेली रात्र परत मिळत नाही. दुसरं रेबीज: तिसऱ्या महिन्यात लस, बूस्टर, मग दरवर्षी. होमिओपॅथीचे ‘नोसोड’ थेंब (रोगाच्याच अंशापासून बनवलेले म्हणून विकले जाणारे) लसीची जागा घेत नाहीत, आणि मंतरलेलं पाणीही नाही.

पाटी कुठलीही असो, नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. माणसांचा होमिओपॅथ किंवा वैद्य त्यात बसत नाही. मुधोळ, कारवान जातीची कुत्री पाळणाऱ्यांनी भुलीआधी जात आवर्जून सांगावी. या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, म्हणून थायोपेंटोनसारखी भूल उतरायला फार वेळ लागतो. आणि दवाखान्यात काटा नसेल तर घरूनच वजन करून जा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकीचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्यायचा.