एसएसईएडिट: दिवाळीपासून वापरतोय, त्याबद्दल

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमवर मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या जोडफाइली) टाकणार असाल तर त्या तपासून साफ करणारं एसएसईएडिट हे टूल आधी उतरवून घ्या. फुकट आहे आणि जुन्या पीसीवरही चालतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या मित्रमंडळींचे मॉड मीच लावून देतो. दिवाळीपासून जवळपास प्रत्येकाचा फोन एकाच कारणासाठी आलाय: "परत बंद पडलं की रे!"

मॉडमधली घाण मुख्यतः दोन प्रकारची. एक आयटीएम, म्हणजे मूळ फाइलीसारखीच हुबेहूब नोंद. मॉड बनवणाऱ्याने एडिटरमध्ये एखादी नोंद उघडली, बदललं काहीच नाही, पण मूळ नोंदीची नक्कल त्याच्या फाइलमध्ये बसली. हा मॉड नंतर लोड झाला की आधीच्या मॉडने केलेला बदल ही नक्कल पुसून टाकते. दुसरा यूडीआर, म्हणजे डिलीट केलेल्या वस्तूंच्या नोंदी. एखादी वस्तू थेट डिलीट केलेली असते, दुसरा मॉड तिलाच शोधायला जातो आणि गेम क्रॅश. इथे हे टूल फार हुशारीने वागतं: वस्तू परत आणतं, निष्क्रिय करतं आणि जमिनीखाली उणे 30000 वर नेऊन ठेवतं. दिसतही नाही, शोधणाऱ्याला सापडतेही. गेम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या स्वतःच्या डॉनगार्ड, ड्रॅगनबॉर्न या अधिकृत विस्तारांच्या फाइलींतही असला कचरा आहे, त्यामुळे मॉडवाल्यांना नावं ठेवू नका.

साफसफाईसाठी या टूलसोबतचं क्विक ऑटो क्लीन चालवा, एक फाइल निवडा. ते साफ करून सेव्ह करतं, बॅकअपही ठेवतं.

पण साफसफाईपेक्षा मला जास्त कामाला आलंय ते उजवीकडचं कोष्टक. मित्राकडे प्रकाशयोजनेचा सुंदर मॉड होता, पण एकाच खानावळीत उजेड जुनाच दिसायचा. ती जागा एसएसईएडिटमध्ये उघडली. प्रत्येक मॉडचा एकेक रकाना, भांडणाच्या ओळी लाल. खुर्च्या-टेबलं वाढवणारा मॉड शेवटी लोड होत होता आणि सोबत उजेडाचे मूळ आकडे घेऊन येत होता. स्कायरिममध्ये शेवटी येईल त्याचं खरं! नोंद नव्या पॅच फाइलमध्ये कॉपी केली, उजेडाचे आकडे माउसने ओढून त्या रकान्यात टाकले, काम झालं. दोन्ही मॉड शाबूत.

नावडतं काय? मेनू किचकट आहेत. सगळे मॉड घेतले तर लोड व्हायला वेळ लागतो. 'बॅकग्राउंड लोडर फिनिश्ड' येईपर्यंत हात लावू नका. डिलीट झालेला नॅव्हमेश (गेममधल्या पात्रांना कुठून चालायचं ते सांगणारा नकाशा) ऑटो क्लीनने दुरुस्त होत नाही, तो हाताने निस्तरावा लागतो. आणि दिसली फाइल की कर साफ, असं करू नका. काही मॉडमध्ये आयटीएम मुद्दाम ठेवलेले असतात. मॉडच्या पानावरची सूचना वाचा, लूट (मॉडचा लोड होण्याचा क्रम लावणारं टूल) जी फाइल साफ करायला सांगेल तीच करा.

स्टीमवर फाइली व्हेरिफाय केल्यात तर बेथेस्डाच्या मूळ फाइली जशाच्या तशा परत येतात, मग त्या पुन्हा साफ कराव्या लागतील.