घरी ॲलिगेटर आणण्याआधी पाहावी अशी जागा : कोलोराडो गेटर्स, मोस्का

माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने जवळजवळ वर्षभर एकच हट्ट धरला होता, तो म्हणजे घरी ॲलिगेटरचे, म्हणजे मगरीच्या जातकुळीतल्या अमेरिकी प्राण्याचे, पिल्लू आणण्याचा. शेजारच्या राज्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक विक्री-प्रदर्शन भरले होते. तिथे त्याने प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलेले, वीतभर लांबीचे, अंगावर पिवळे पट्टे असलेले पिल्लू पाहिले आणि त्याचे मन तिथेच अडकले. विक्रेत्याने मला अगदी शांतपणे सांगितले, "टाकी जेवढी मोठी, तेवढाच हा वाढतो." ही समजूत साफ खोटी आहे. लहान टाकीत कोंबून ठेवलेला ॲलिगेटर लहान राहत नाही. त्याची वाढ वेडीवाकडी होते, पाठीचा कणा आणि जबडा बिघडतो, आणि तो वर्षानुवर्षे यातना भोगत राहतो. हे मी मुलाला परोपरीने सांगून पाहिले, पण बापाचे बोलणे आणि डोळ्यांनी पाहिलेले यांत फरक असतोच. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघे डेन्व्हरहून कोलोराडो राज्यातल्याच मोस्काला, 'कोलोराडो गेटर्स' या ठिकाणी गेलो.

मोस्का ज्यात वसले आहे ते सॅन लुईस खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,६०० फुटांवर आहे आणि हिवाळ्यात तिथे पारा उणे तीस अंश सेल्सिअसपर्यंतही उतरतो. लुइझियाना-फ्लोरिडाच्या उबदार दलदलीतला प्राणी अशा जागी राहतोच कसा, हा प्रश्न गाडीतून उतरताच मनात येतो, आणि त्याचे उत्तर समोरच्या तळ्यांवरून वर चढणाऱ्या वाफेतच मिळते. इथल्या विहिरीतून भूगर्भातले पाणी मुळातच सुमारे ३० अंश सेल्सिअस इतके गरम येते. त्या पाण्याच्या भरवशावर एका कुटुंबाने १९७७ साली इथे तिलापिया माशांची शेती सुरू केली. मेलेले मासे आणि कापणीत उरलेले अवशेष यांचे करायचे काय, या अडचणीवर तोडगा म्हणून १९८७ साली त्यांनी ॲलिगेटरची शंभर पिल्ले आणली. पुढे ती पाहायला लोक येऊ लागले आणि १९९० साली जागा सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर पोलिसांनी किंवा वन्यजीव खात्याने जप्त केलेले आणि मालकांना नकोसे झालेले प्राणी इथे येत गेले. ॲलिगेटरच नव्हेत, तर अजगर, कासवे आणि इतर सरपटणारे प्राणीही त्यांत आहेत.

माझ्या मते ही जागा हिवाळ्यातच पाहावी. सान्ग्रे दे क्रिस्तोच्या डोंगररांगेवर बर्फ, पायाखाली करकरणारा बर्फ, आणि चार पावलांवर धुरकट पाण्यात स्थिर पडलेली काळी पाठ, हे एकत्र पाहिल्यावर या प्राण्याचे आयुष्य पाण्याच्या तापमानावर किती टांगलेले आहे ते एका दृष्टिक्षेपात कळते. ॲलिगेटरला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. साधारण २८ ते ३३ अंशांच्या दरम्यान त्याचे अंग नीट चालते. एकवीस-बावीस अंशांखाली तो खाणे सोडतो, आणि आधी खाल्लेले पोटात न पचता कुजण्याचा धोका असतो. जंगलातला ॲलिगेटर थंडीत सुस्तावून निभावून नेतो, पण त्याला ऊन शोधायची आणि खोल पाण्यात जायची मोकळीक असते. घरातल्या टाकीत ती मोकळीक कुठली? इथे ऊब जमिनीतून, दिवसरात्र येते. डेन्व्हरमधल्या आमच्या तळघरात तेवढे पाणी तेवढे गरम ठेवायचे म्हटले तर जानेवारीत विजेचे बिल किती येईल, याचा अंदाज मुलाने स्वतःच मला विचारला. मी तिथेच मोबाइल काढून आमच्या युनिटच्या दराने त्याला ढोबळ हिशेब करून दाखवला.

काचबंद भागात शिरलो तेव्हा चष्म्यावर वाफ धरली आणि माशांचा उग्र वास आला. तिथे कठड्यापाशी एक मध्यम आकाराचा ॲलिगेटर पडला होता. त्याची पाठ सरळ नव्हती. खांद्यांमागे उंचवटा, मग खळगा, मग पुन्हा उंचवटा. खालचा जबडा एका बाजूला कलला होता, त्यामुळे तोंड मिटूनही दात उघडे दिसत होते. हा अशक्त हाडांचा विकार बंदिस्त ॲलिगेटरांत नवीन नाही. लोक हौसेने त्यांना नुसते बिनहाडाचे मांस चारतात. हाडांसकट अख्खा मासा, उंदीर, कोंबडी असे भक्ष्य मिळाले नाही की कॅल्शियम कमी पडते, आणि ऊन किंवा योग्य अतिनील दिवा नसेल तर असलेले कॅल्शियमही अंगी लागत नाही. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो. मुलगा त्या कठड्यापाशी बराच वेळ उभा होता. वर्षभरात मी जे बोललो, त्याचे काम या एका पाठीने केले.

या जागेचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी होता मॉरिस नावाचा ॲलिगेटर. १९७५ साली लॉस एंजेलिसमधल्या एका घराच्या परसात तो बेकायदा पाळलेला सापडला, पुढे त्याने हॉलिवूडच्या अनेक चित्रपटांत काम केले, २००६ साली निवृत्त होऊन इथे आला आणि मे २०२५ मध्ये वृद्धापकाळाने गेला. वय ऐंशीच्या वर, लांबी जवळजवळ अकरा फूट, वजन सुमारे २९० किलो. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता, पण त्याची गोष्ट ऐकताना जो विचार मनात आला तो मला इथे नोंदवावासा वाटतो. बेलग्रेडच्या प्राणिसंग्रहालयात १९३७ साली आणलेला मुजा नावाचा ॲलिगेटर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतूनही वाचला आणि ऐंशीहून अधिक वर्षे तिथेच जगला. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाने आज आणलेले पिल्लू त्याचे शिक्षण, नोकरी, लग्न, कदाचित निवृत्तीही पाहील. पहिली काही वर्षे ते वर्षाला साधारण एक फूट वाढते. नर पुढे अकरा ते पंधरा फुटांपर्यंत जाऊ शकतो. कॉलेजला जाताना तो मुलगा वसतिगृहाच्या खोलीत काय घेऊन जाणार?

नेमके याच टप्प्यावर लोक हात टेकतात. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधल्या तळ्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऐन थंडीत, चार फुटांचा एक ॲलिगेटर गारठलेला सापडला. त्याच्या पोटात न्हाणीच्या टबाचे बूच होते. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाने शर्थ केली, पण एप्रिलमध्ये तो मेला. मार्च २०२४ मध्ये त्याच राज्यात बफेलोजवळ एका घरातून अल्बर्ट नावाच्या अकरा फुटी ॲलिगेटरला सरकारने ताब्यात घेतले. मालकाने त्याच्यासाठी घराला जोडून तलाव बांधला होता आणि त्याचा जीवही त्याच्यावर होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. तरी मालकाचा परवाना संपलेला होता आणि अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार ॲलिगेटर दोन्ही डोळ्यांनी अंध होता. मला पहिल्या घटनेपेक्षा ही दुसरी अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे निष्काळजीपणा नव्हता, माया होती.

भेटीत तोंड बांधलेला छोटा ॲलिगेटर हातात धरून छायाचित्र काढता येते. पत्नीने नको म्हटले, मुलाने धरला, मग मीही धरला. जबडा मिटण्याची ताकद अफाट असली तरी उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की साध्या चिकटपट्टीने तोंड बंद राहते. पाठ खडबडीत आणि ताठ, पण पोटाचे कातडे अगदी मऊ, आणि हनुवटीखाली गळा भराभर हलत होता. डोळ्यावरून आडवा पारदर्शक पडदा एकदा सरकून गेला. त्या क्षणी मला तो प्रदर्शनातला डबा आठवला आणि लोक तो का विकत घेतात हेही उमगले. म्हणूनच, कुठल्याही ठिकाणी लहान मुलाच्या हातात असे पिल्लू देताना पालकांनी शेजारच्या तळ्यातला प्रौढ प्राणी दाखवायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या भेटीत हे दोन्ही काही पावलांच्या अंतरावर होते, आणि या जागेचे खरे मोल मला त्यातच वाटते.

माझे बालपण सांगलीजवळ कृष्णाकाठी गेले. तिथे नदीत मगरी आहेत, आणि घाटावर कपडे धुताना पाण्याकडे पाठ करून बसायचे नाही, हे आजीने आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवले. ॲलिगेटर आमच्या मगरीपेक्षा वेगळा, तोंड मिटल्यावर त्याचे खालचे दात झाकलेले; पण पाण्याजवळची ती सावधगिरी दोघांनाही लागू आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगर पाळणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र राज्याराज्यात नियम बदलतात. कुठे पूर्ण बंदी, कुठे परवाना, आणि परवान्यासोबत कुंपण, जागा, अनुभव यांच्या अटी. भारतातून नव्याने इथे आलेल्या मराठी कुटुंबांनी, मूल कितीही रडले तरी, आपल्या राज्याचा नियम वन्यजीव खात्याकडून आधी विचारून घ्यावा. दुकानदाराचा शब्द पुरेसा धरू नये.

ज्यांना खरोखरच हा प्राणी जबाबदारीने सांभाळायचा आहे, त्यांनी इथे येऊन फक्त एवढेच मोजावे : दहा फुटांचे जनावर पूर्ण बुडून मनासारखे वळू शकेल एवढे पाणी, अंग शेकायला तेवढीच कोरडी जमीन, ते पाणी रोज साफ राखणारी यंत्रणा, आजारपणात येऊ शकेल असा मगरवर्गातल्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य, आणि आपल्या पश्चात हे सारे चालवणारा माणूस. शेवटचे दोन बहुतेकांकडे नसतात. आमच्याकडे पाचांपैकी एकही नव्हते, आणि हे मुलानेच परतताना बोलून दाखवले. आता शनिवारी तो एका सरीसृप बचाव केंद्रात कासवांच्या टाक्या धुवायला जातो.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत. ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यान इथून जवळच आहे, त्यामुळे एका मुक्कामात दोन्ही होते. मुक्कामाला अलामोसा बरे. गाडीतून उतरल्यावर लागणारी बोचरी थंडी आणि आतली दमट उष्णता यांत फार अंतर असते, म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे घालावेत. काठ ओले असतात, तेव्हा तळ घट्ट पकडणारे बूट हवेत. लहान मुलांचा हात मात्र एक क्षणही सोडू नये.