लॅसिक की पीआरके : आपल्या खान्देशी उन्हाळ्याला कोणतं मानवतं?

लॅसिक आणि पीआरके, दोन्ही चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रिया. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, नसा दोन्हींत दुखावतात, हे आधीच धरून चाला. लॅसिकमध्ये साधारण १००-१२० मायक्रॉनचा (जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा) फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा पातळ पापुद्रा, उचलताना, तो जिथे जोडलेला राहतो ती बिजागरीची बाजू सोडली तर कडेने आत येणाऱ्या वरच्या थरातल्या नसा कापल्या जातात. पीआरकेत फ्लॅपच नसतो. वरची साल काढून लेझर थेट पृष्ठभागावर चालवतात, त्यामुळे टोकं जातात, खालच्या बऱ्याचशा नसा शाबूत राहतात.

माझ्या शालकाने लॅसिक केलं. दुसऱ्या दिवशी गडी जळगाव बसस्थानकावरच्या पाट्या वाचत होता. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! पण पुढे मे महिना आला. बधिर झालेला कॉर्निया कोरडेपणाची खबर नीट देत नाही, म्हणून पापणी कमी लवते, पाणीही कमी सुटतं. त्यात भुसावळची ४५ अंशांची झळ. खिशातली ड्रॉपची कुपी दुपारपर्यंत चहासारखी गरम व्हायची. पहाटे पापणी डोळ्याला चिकटलेली, हळूहळू सोडवावी लागे. "रेती गेलीय भो," म्हणायचा, आणि डॉक्टर तपासून सांगत, कॉर्निया स्वच्छ आहे. चौदा महिने हे चाललं. बरी होताना नस कधी कधी चुकीची खबर देते, जखम नसतानाही दुखतं, हे नंतर कळलं. या कुपीनेच माझा निर्णय केला.

मी पीआरके केलं. चार दिवस बेक्कार गेले. जखम झाकणारी बँडेज लेन्स लावून अंधाऱ्या खोलीत पडलो होतो आणि शेतात भरीत पार्टी रंगली होती; वास तेवढा खिडकीतून आला. नजर नीट बसायला महिना लागला, स्टेरॉईडचे थेंब त्याहून लांबले. नंबर मोठा असेल तर हेझ, म्हणजे कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची भीती यात जास्त. ते टाळायला मायटोमायसिन नावाचं औषध वापरतात. कोरडेपणा मलाही होता, होळीपर्यंत. पण कुपी खिशात घेऊन हिंडावं लागलं नाही.

स्माईल ही तिसरी लेझर पद्धत; तिच्यात फ्लॅप नाही, छेद २ ते ४ मिलिमीटरचाच, नसा कमी तुटतात. माझ्या खिशाला ते झेपलं नाही.

आठवड्याची रजाच मिळणार नसेल तर लॅसिक वाईट नाही, सगळ्यांचं शालकासारखं होतं असंही नाही. मात्र आधी शिर्मरची कागदी पट्टी पाच मिनिटं लावून अश्रू किती येतात ते पाहून घ्या. पीआरके ठरलंच तर तारीख दिवाळीनंतरची मागा, आणि कापसाच्या जिनिंगमध्ये धुळीत कामाला असाल तर रजा दहा दिवसांची टाका.